अंगठ्याले करंगळीचं मांस

प्रिय रागिणी,

नाही, मी रडली-बिडली नाही दवाखान्यात. तू विचारलं नाही, पण जाईबाईनं तुह्या कानावर घातलंच असेल, वहिनी बाकड्यावर पदर तोंडाले लावून बसली होती म्हणून. माही ननंद आहे ती, पन्नास वर्षांपासून ओळखतो मी तिले. कोणाले शिंक आली तं ती गावात निमोनिया झाला म्हणून सांगते. पदर लावला होता कारण फिनाईलचा वास येऊन राहिला होता. दुसरं काही नाही. आता तू म्हणशील, सासूनं पत्र कायले लिहिलं, घरात फोन आहे ना. आहे. रविवारी तू अकोल्याहून फोन करतं, माहा नितेश आवाज मोठा करून फोन खाटेवर पोरीसमोर ठेवते अन् तिथंच बसते. मी मधात बोलली तं तू नुसतं हो, बरं, हो म्हणतं, अन् पोरीले द्या म्हणतं. असं बोलणं असते का कुठं? म्हणून लिहून राहिली. वही तुह्या लेकीचीच आहे, अक्कूची, पहिलीची, दुरेघी. निम्मी कोरी होती, ती कावून कोरी होती ते तुले माहीत आहे. मी चौथी शिकली. काना-मात्रा चुकला तं तूच नीट करून वाच.

पोरगी बरी आहे. हे आधी लिहाले पायजे होतं, राहून गेलं. जेवते, शाळेत जाते, दोन किलोनं वाढली. प्लास्टर निघून आता दीड महिना होईल. प्लास्टर कापणाऱ्या मशीनचा आवाज आला तं बाकीचे पोट्टे बोंबलून राहिले होते. हिनं त्या माणसाले विचारलं, काका, तुमचा हात कापला गेला नाही का कधी? तो बिचारा मशीन बंद करून हसत बसला. तुह्यावर गेली आहे बोलाले. पहिल्या वर्षी तू बी अशीच होती आमच्या घरी, मंग बंद झाली.

सुरुवातीपासून सांगतो. सहा वर्षं मी पोरीच्या उजव्या अंगठ्याले तेल लावलं. रोज सकाई, तिळाचं, कोमट करून. जाईबाईनं काळा दोरा बांधला, मी तोडून फेकला, तिनं तांब्याचं कडं आणलं, ते मी चुलीमागे ठेवलं. म्हटलं, लेकरू अशक्त आहे, हात अशक्त आहे, चोळलं की भरते. पोरीचा जन्म फेब्रुवारीतला, अन् महिन्याभरात लॉकडाऊन लागला, तवा अंगठा दाखवाले कोण कुठं जाते? पुढं जायाले पायजे होतं, तं मीच म्हणत राहिली, होईल, होईल, अंगठ्यापायी एवढा तमाशा नको. शाळेत तपासणीवाले आले तवा त्यातल्या एका डॉक्टरनं हिले पेन्सिल धराले सांगतलं. हिनं धरली, जशी धरत होती तशी, दोन बोटांच्या फटीत, बिडी धरावी तशी. अंगठा बाजूले लोंबत होता. त्यानं तिथल्या तिथं चिठ्ठी लिहून दिली, अमरावतीले न्या म्हणे, अन् उशीर करू नका.

राजापेठेत तो दवाखाना आहे, दुसऱ्या मजल्यावर. डॉक्टरीन बाई आहे, हाताचीच डॉक्टर. हाताचा वेगळा डॉक्टर असते हे मले या वयात समजलं. तिनं माहा तळहात उलटा केला, अंगठ्याच्या बुडाशी जो मांसाचा उंचवटा असते त्यावर बोट ठेवलं, अन् म्हणे, आजी, हे तुमच्याजवळ आहे, पोरीजवळ नाही. जन्मताच नाही. हाड आहे, नख आहे, कातडी आहे, पण अंगठ्याले बोटासमोर आणणारं मांसच नाही. सहा वर्षं मी कायले तेल चोळत होती मंग? जे नाहीच त्याले. मले तवा काही वाटलं बी नाही, नुसते माहे हात तेलकट आहेत असं वाटलं, पदराले पुसले.

ऑपरेशन कसं, ते तुले सांगतो, तुले लवकर समजेल, तू ब्लाऊज शिवतं. करंगळीच्या बाहेरच्या कडेले एक मांसाची पट्टी असते. ती करंगळीले बाहेर ओढते, बाकी तिचं काही मोठं काम नसते. ती पट्टी एका बाजूनं सोडवतात. तिले रक्त देणारी नस अन् हालवणारी नस तशीच ठेवतात, ती तुटली तं सारंच गेलं. मंग पुस्तकाचं पान उलटवावं तशी ती पट्टी उलटवून, तळहाताच्या कातडीखालून नेऊन, अंगठ्याले टाचतात. काखेत कापड कमी पडलं की तू दुसरीकडचा तुकडा काढून तिथं बसवतं ना, तसंच, पण हा तुकडा जिता. मी विचारलं, अन् करंगळी? ती म्हणे, करंगळीचं थोडं कमी होईल, पण तिचं भागते, अंगठ्याशिवाय भागत नाही. नितेशनं तिले आणखी एक गोष्ट सांगतली. ती मी मागून लिहीन.

दिवाळीच्या सुट्टीत ऑपरेशन झालं. सकाई साडेनऊले नेलं, बाहेर आणाले साडेबारा झाले. तुले आदल्या दिवशी नितेशनं फोन केला होता, कळवलं तेवढं, ये म्हणाला नाही. मी बी म्हटलं नाही. दहाच्या सुमारास मी उठून जिन्याच्या खिडकीशी गेली. समोर ट्यूशन क्लासची पाटी आहे, खाली गाड्याच गाड्या, पोरं-पोरी तोंडाले स्कार्फ बांधून. त्यात एक जण जागची हालतच नव्हती. स्कार्फ सारं तोंड झाकून होता, पण पायातल्या चपला मले ओळखू आल्या, मीच घेऊन दिल्या होत्या चांदूर बाजारात, निळ्या पट्ट्याच्या. तू बारापर्यंत उभी होती. मी तीनदा येऊन पाह्यलं. मी हात केला नाही. आवाज बी दिला नाही. बारा वाजता तू गेली, अर्ध्या तासानं पोरगी बाहेर आली. रविवारच्या फोनवर तू काहीच बोलली नाही, कशी झाली पोरगी एवढंच विचारलं, जशी काही अकोल्याहून निघालीच नव्हती. ते तू लपवलं, तसं मी बी लपवलं. म्हणून आधी ते लिहून टाकलं.

आता हाताचं ऐक. प्लास्टर निघालं तं अंगठा तसाच पडून राहिला. मले वाटलं, गेलं सारं पाण्यात. दवाखान्यात व्यायाम शिकवणारी एक पोरगी आहे, ती अक्कूले म्हणे, अंगठ्याचा विचारच करू नको, करंगळी बाहेर कर. हिनं करंगळी बाहेर केली, अन् अंगठा हालला. मी म्हटलं, हे काय? तं ते मांस अजून करंगळीचंच आहे म्हणे, त्याले कोणी सांगतलंच नाही की घर बदललं. मेंदू करंगळीले हुकूम देते अन् अंगठा उठते. हळूहळू समजते त्याले, म्हणे, तीन महिने, चार महिने. तवापासून आमच्या घरी दिवसभर तेच चालू आहे. मी ताटात तुरीचे दाणे टाकतो, ही करंगळी-करंगळी म्हणत एकेक दाणा उचलून वाटीत टाकते. तुहे सासरे समोर बसून मोजतात, अन् चुकले की ही त्याईले म्हणते, आबा, तुमी पहिलीत नापास. माह्यात धीर नाही, तुले माहीत आहे. दाणा पडला की माहा हात आपोआप पुढं जाते उचलून द्याले. व्यायामवालीनं मले बजावलं आहे, आजी, उचलून द्याचं नाही, तिलेच उचलू द्या, दहा वेळा पडला तरी. तं मी हातावर हात धरून बसतो. आयुष्यात पहिल्यांदा.

परवा हिनं संत्रा सोलला. नीट नाही सोलला, नख लावून लावून फोडीच्या फोडी चिरडल्या, रस कोपरापर्यंत आला. पण साल अंगठ्यानं काढली. चांदूर बाजारची पोरगी, घरी संत्र्याची वाडी, अन् सहा वर्षांची होईपर्यंत आपला संत्रा आपण सोलला नव्हता. अर्धा मले दिला. आंबट होता. मी खाल्ला.

संत्रा म्हटलं की तो दिवस येतेच. किती बी आडून लिहिलं तरी तिथंच यावं लागते. तू गेली तो दिवस नाही म्हणत मी, त्याच्या चार वर्षं आधीचा. पण आधी तू गेली ते सांगतो, कारण ते सगळ्यांनी पाह्यलं. बालवाडीच्या बाईनं सांगतलं होतं की पोरगी पेन्सिल धरत नाही. घरी पाव्हणे बसले होते. नितेश चारचौघांत म्हणाला, धरन कशी, आईनं पोटातच कापून ठेवला अंगठा, सूर्याच्या गिऱ्हानात वांगे चिरत बसली होती. जाईबाईनं मान डोलावली. चार वर्षं तेच चालू होतं, कधी तो म्हणे, कधी ती म्हणे, शेजारच्या बाया म्हणत. तू कोणाले उलटून बोलली नाही. तू फक्त माह्याकडे पाह्यलं. दरवेळी माह्याकडे पाहात होती. मी कणीक तिंबत होती, तिंबत राहिली. तू आत गेली, पिशवी भरली, पोरीले कडेवर घेतलं. नितेशनं पोरीले काढून घेतलं. मी दारात उभी होती, तुले जायाले वाट द्याले बाजूले सरकली. तेवढंच केलं.

अन् ते तू बी खरं मानलं होतं, रागिणी. मी पाहात होती ना. त्या चार वर्षांत तू पोरीचा उजवा हात कधी धरला नाही. न्हाऊ घालताना त्या हातावर वरून पाणी सोडे. रस्त्यानं चालताना बी डावाच हात धरे, मंग गाडी कोणत्या का बाजूनं येईना. आंधळी नाही मी.

आता डॉक्टरीनीचं. त्या पहिल्या दिवशी तिनं विचारलं होतं, गरोदरपणात आईनं काही औषधं घेतली होती का, ताप होता का. नितेश म्हणाला, औषध नाही, पण सातव्या महिन्यात गिऱ्हानात तिनं चाकू चालवला. ती हसली नाही. हसली असती तं बरं झालं असतं. तिनं पेन खाली ठेवला, अन् पोराले समजावावं तसं त्याले समजावलं, की लेकराचा हात पोटात दुसऱ्या महिन्यातच घडते, बोटं, अंगठा, सारं. पुष्कळ बायाईले तवा दिवस गेल्याचं बी नीट माहीत नसते. सातव्या महिन्यात वांगं चिरा की लाकडं फोडा, जे घडून गेलं ते चाकूनं बदलत नाही. अन् म्हणे, असं कोणाच्याही चुकीनं होत नाही, होऊन जाते. नितेश खाली पाहात होता. मी भिंतीवर हाताचं चित्र लावलं होतं ते पाहात होती, त्यात सारी मांसं लाल रंगानं काढली आहेत. मले वाटाले पायजे होतं काहीतरी. सहा वर्षांचं ओझं उतरलं, असं काही. काहीच वाटलं नाही. पाय बसून बसून बधीर झाला की चिमटा घेतला तरी लागत नाही, तसं सारं अंग.

मंग ऑपरेशनच्या दिवशी, तू खालून निघून गेल्यावर, मी बाकड्यावर जाऊन बसली अन् नितेशले सांगतलं. तुले माहीतच आहे, पण त्याले जसं सांगतलं तसंच लिहितो. गिऱ्हानाच्या दिवशी वाडीत संत्र्याची पहिली तोड होती. पहिल्या तोडीले वीस माणसाईले रोडगे अन् वांग्याची भाजी, माह्या सासूपासूनची रीत. आठपासून अकरापर्यंत गिऱ्हान होतं. जाईबाईनं तुले सकाईच आतल्या खोलीत सरळ निजवलं होतं, कापायचं नाही, शिवायचं नाही, कुशीवर वळायचं बी नाही. मी आत आली. म्हटलं, सूर्याले त्याचं काम करू दे, आपण आपलं करू, बारा वाजता वीस माणसं काय गिऱ्हान खातील? ऊठ. तू म्हटलं, आई, राहू द्या ना अकरापर्यंत. मी म्हटलं, असले नखरे माह्या घरी चालत नाहीत. पोटामुळं तुले विळीवर बसता येत नव्हतं, तं मीच खुर्ची दिली, मीच टोपलं समोर ठेवलं, अन् चाकू माह्या हातानं तुह्या हातात दिला. मी मागं रोडगे थापाले गेली, अन् जाईबाई आली तवा तिले तू एकटी दिसली.

मी गिऱ्हान मानत नव्हती. पण दोन महिन्यांनी पोरीचा हात पाह्यला अन् मानलं. त्याच घडीले मानलं. कोणं चाकू दिला, असं नितेशनं तवा एकदा विचारलं होतं, तू माह्याकडे पाह्यलं, अन् मी पोरीच्या अंगाले तेल लावत होती, लावत राहिली. तवापासून लावत राहिली.

हे सारं आयकून नितेश उठला. खाली गेला, दोन चहा आणले, माहा कप बाकड्यावर ठेवला अन् समोरच्या भिंतीकडच्या बाकड्यावर जाऊन बसला. तवापासून माह्याशी पोरीच्या तोंडून बोलते. आजीले सांग जेवाले वाढ, आजीले सांग दार लाव. मी बी पोरीलेच सांगतो, बापाले सांग वाढलं म्हणून. ती दोघांचे निरोप इकडून तिकडं करते, अन् मधातच आपलं काहीतरी घुसवते, बाबा म्हणते की आजीनं शिरा करावा. त्यानं तुले अजून तोंडानं काही सांगतलं नसेल. त्याच्यानं होणार नाही ते. बाप लेकीले घेऊन तुह्या दाराशी येईल, तेवढंच होईल त्याच्यानं.

म्हणून हे पत्र. फोनवरचं बोलणं हवेत जाते, मंग मी तसं म्हटलंच नव्हतं म्हणाले मोकळी. हे माह्या हातचं आहे, तुह्याजवळ राहू दे. गिऱ्हानात चाकू रागिणीनं घेतला नव्हता, मी आशाबाईनं दिला होता, अन् पोरीचा अंगठा दोघींच्याही हातानं गेला नव्हता. कोणालेही दाखव, जाईबाईले दाखव, तुह्या भावाले दाखव. उद्या रविवार, नितेश अक्कूले घेऊन अकोल्याले येऊन राहिला. तिचे कपडे मोठ्या पिशवीत भरले आहेत, उन्हाळ्याचे बी. शाळेचा दाखला वरच्या कप्प्यात आहे. मी नितेशले म्हटलं, म्हणजे अक्कूच्या तोंडून म्हटलं, तिची आई ठेवून घेईल तं ठेवू दे. त्यानं नाही म्हटलं नाही. तुले इकडं यायचं असेल तं तुह्या मनानं ये, नसेल तं नको येऊ. मी बोलावत नाही, अन् येऊ नको बी म्हणत नाही. तुरीचे दाणे डब्यात घालून दिले आहेत, सकाळ-संध्याकाळ चाळीस उचलाले लाव. ही वही तिच्या दप्तरात आहे, तुले द्याले तिलेच सांगतलं आहे, उजव्या हातानं. अंगठा अन् दोन बोटांत धरून देईल. तिच्या हातून पडली तं तू वाकू नको, तिलेच उचलू दे. अन् उचलली की तोच हात धर.

बाकी तू मले माफ केलं की नाही, मले पोरीबिगर घर कसं वाटते, मी आता काय करीन, हे कोणी विचारलं तरी मी सांगणार नाही. तू बी विचारू नको. लिहाचं होतं ते लिहून झालं, यापुढे एक अक्षर नाही.

तुहीच, चाकू देणारी,
आशाबाई